गळतीचा माग

४ फेब्रुवारी, मंगळवार

खट्… खट्… आणि त्यामागून बारीक गुणगुण. टेलिफोन एक्स्चेंजच्या खिडकीतून येणारा तो आवाज आज पन्नास वर्षांनी ऐकला. खरं तर ऑपरेशन थिएटरच्या दाराआड कुणीतरी पत्र्याच्या तबकात हत्यारं टाकत होतं, पण माझे कान मला थेट तिथं घेऊन गेले. रांगेनं बसलेल्या मुली, डोक्यावर जड हेडफोन, हातात वायरीच्या पिना, समोर भोकाभोकांचा फळा. ही तिसऱ्या खुर्चीवर. मी कोपऱ्यावर सायकल टेकवून तिची ड्यूटी संपायची वाट बघायचो आणि मनातल्या मनात शाळेतल्या कविता म्हणायचो. तीन-चार झाल्या की ती बाहेर यायची.

आज पाठ असलेल्या सगळ्या संपल्या, पुन्हा पहिलीपासून सुरू केल्या, तरी दार उघडेना.

पडदे काढायला ही स्टुलावर चढली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. आता तिथं धातूचा गोळा बसवलाय. हाडांचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "एकदम झकास झालं, काका." इतक्या पटकन म्हणाले की मला ते पटेना. चांगल्या झालेल्या कामाबद्दल माणूस जरा तरी लांबवून बोलतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ही उठून बसली. चेहरा उतरलाय, पण तोंड चालू आहे. मी खाटेशेजारी बसून तिच्याकडे बघत होतो तर म्हणाली, "असं काय बघताय? मी काही गळत नाहीये."

पाणीपुरवठा खात्यात माझं सगळं आयुष्य गळत्या शोधण्यात गेलं. रस्ता शांत असताना लोखंडी सळई नळावर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि ऐकायचं. पाणी वर येतं एका जागी, नळ फुटलेला असतो भलतीकडेच, वरच्या अंगाला. तिकडं जोडामागून जोड तपासत जायचं. ती सवय जात नाही.

ऑपरेशनच्या वेळी हिला रक्ताची एक पिशवी चढवली म्हणे. कुणाचं रक्त, असं सिस्टरला विचारलं. "ग्रुप जुळलेला आहे, आजोबा." मी ग्रुप विचारला नव्हता. माणूस विचारला होता.

दुपारी हिचा जुना दमा उसळला. त्यावर जोरकस औषध सुरू केलंय. श्वास लागलीच मोकळा झाला. हेही मला फार लवकर वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

ताप. सकाळी नव्हता, दुपारी अंग भट्टीसारखं. हाडांचे डॉक्टर आज रजेवर.

१० फेब्रुवारी, सोमवार

जखम उघडून बघितली. स्वच्छ. छातीचा फोटो स्वच्छ. लघवी स्वच्छ. सगळं स्वच्छ आणि ताप तसाच! खात्यात कुणी असा अहवाल आणून दिला असता तर मी त्याला परत रस्त्यावर पाठवला असता.

म्हणून मीच फिरलो. वॉर्डातल्या पाण्याच्या मशीनचं पाणी पिऊन बघितलं. टाकी कुठं आहे, कधी धुतली, ते विचारलं. साफसफाईच्या बाई एकच फडकं दोन खाटांना फिरवतात, हे डोळ्यांनी पाहिलं. बाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "बाबा, ते फडकं नाही, तुमचा चष्मा पुसा." थोरलीपर्यंत तक्रार गेली. थोरली म्हणजे माझी एकुलती एक लेक. दुसरी झालीच नाही, तरी लहानपणापासून सगळे थोरलीच म्हणतात. ती मला जिन्यात घेऊन गेली. "बाबा, इथं तुम्ही खात्याचे साहेब नाही. इथं तुम्ही पेशंटचे नातेवाईक आहात. तेवढंच राहा."

तेवढंच राहायचं म्हणजे काय करायचं, ते नाही सांगितलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिव्हर. मला वाटलं होतं हाड, मग फुप्फुस, मग रक्त. निघालं लिव्हर. काविळीचं नाव नाही, डोळे पांढरे, आणि रक्ताच्या तपासणीत लिव्हरचे आकडे छप्पर फाडून वर गेलेत. हाडांचे डॉक्टर आज माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघत होते.

लिव्हरच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं थोरलीपेक्षा लहान, पायात खेळायचे बूट. हिचं पोट दाबलं, तोंडात टॉर्च मारला, ओठ उलटे करून बघितले. मग मला बाहेर घेऊन विचारलं, "यांना पूर्वी कधी ओठांवर बारीक पाणीदार फोड यायचे? किंवा अंगावर दुसरीकडे कुठं?"

"नाही."

"घरात दुसऱ्या कुणाला?"

"आमच्या घरात असलं काही नाही."

असलं म्हणजे कसलं, ते मलाही कळलं नव्हतं. पण त्यांनी ज्या सुरात विचारलं तो सूर मला आवडला नाही.

त्या म्हणाल्या, एक विषाणू आहे, अंगात वर्षानुवर्षं झोपून राहतो. ऑपरेशनचा ताण, दम्यासाठी दिलेलं ते जोरकस औषध, यानं अंगाची ताकद उतरली की जागा होतो. बहुतेकांच्या ओठांवर येऊन थांबतो. फार क्वचित खाली लिव्हरमध्ये उतरतो. "विषाणू दुर्मीळ नाही, काका, त्याचं हे वागणं दुर्मीळ आहे. रिपोर्ट यायला वेळ लागेल. मी वाट बघणार नाही. औषध आत्ताच सुरू करते."

"वाचेल ना?"

"पुढचे तीन-चार दिवस कठीण आहेत." त्या भिंतीकडे बघत नव्हत्या. माझ्याकडेच बघत होत्या. ते जास्त भीतिदायक होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अतिदक्षता विभागात हलवलं. सलाइनमधून औषध. दिवसातून दोनदाच आत सोडतात, तेही अंगात हिरवा झगा घालून. हात धरला. हातानं हात ओळखला नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंचा अंदाज बरोबर. रक्तात तोच विषाणू, नको तितका.

जावई खुर्चीवर बसून मोबाइलवर काहीतरी वाचत होता. मी जवळ गेलो तसा स्क्रीन मांडीवर पालथा. जावई तसा सरळ मनुष्य, लपवाछपवी त्याला झेपत नाही, कान लाल होतात. म्हटलं, दाखव. "बाबा, तुम्ही नका वाचू. इंटरनेटवर काय वाट्टेल ते असतं." म्हटलं, मला काय वाट्टेल तेच हवंय. दिला.

चष्मा सारखा करून वाचलं. विषाणूचं नाव. दोन जाती. आणि मग— शरीरसंबंधातून पसरतो. तेवढ्यात थोरली आली, मोबाइल गेला.

घरी येईपर्यंत ते दोन शब्द डोक्यात. अंगात वर्षानुवर्षं झोपून राहतो. किती वर्षं? कुणी आणून झोपवला? माझ्याकडून तर नाहीच. मी लग्नाआधी कुणाच्या बोटालाही बोट लावलं नव्हतं. माझी उडी शाळेच्या पुस्तकातल्या कवितांच्या पलीकडे गेली नाही.

मग वरच्या अंगाला कोण?

१५ फेब्रुवारी, शनिवार

लाज वाटते हे लिहायला. ती तिकडे नळ्यांत गुंतून पडलीय आणि मी इथं जोड तपासत बसलोय. पण इथं नाही लिहायचं तर कुठं?

लग्न झालं तेव्हा ती बावीसची. त्या बावीस वर्षांतलं मला काय माहीत? तिनं सांगितलं तेवढंच. वडील कडक, धाकटी बहीण वात्रट, घरात माणसं खूप, सगळे एकाच खोलीत झोपायचे. मग एक्स्चेंजमधली ती तीन वर्षं. तिथल्या गोष्टी सांगताना तिचा आवाज बदलायचा, हे मला आज पन्नास वर्षांनी जाणवतंय. हलका व्हायचा.

तिथं एक सुपरवायझर होता. सगळ्या मुली त्याला हॅलो म्हणायच्या, कारण समोरासमोर बोलतानाही तो आधी 'हॅलो' म्हणायचा. आमच्या लग्नाला आला होता. भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. कितीतरी वर्षं ते आमच्या बाहेरच्या खोलीत होतं आणि मी रोज त्याला किल्ली देत होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज ती बोलली. म्हणजे बडबडली. सिस्टर म्हणाली, लिव्हर काम करेना की डोक्यातही गोंधळ होतो, घाबरू नका.

डोळे अर्धे मिटलेले, उजवा हात हवेत काहीतरी खुपसत होता. "नऊ नंबर, बोला… लाइन देते… थांबा, लाइन देते." मी एकदम पंचवीसचा झालो. हसूच आलं. म्हटलं, अगं, आता कुणाला लाइन देतेस?

मग ती म्हणाली, "साहेब, आज लवकर निघू का? तो बाहेर उभा आहे."

दोनदा म्हणाली. तो बाहेर उभा आहे.

कोण तो? मी कोपऱ्यावर उभा राहायचो, झाडाआड, तिसऱ्या खुर्चीवरून मी दिसणं शक्यच नव्हतं. मी स्वतः तपासून ती जागा निवडली होती. आणि साहेबाला एवढ्या लाडानं विचारायचं?

झगा काढून टोपलीत टाकला आणि तिला न सांगता बाहेर आलो. तिला काही कळलं नसतं, तरीही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आकडे उतरायला लागले! डॉक्टरीणबाई स्वतः सांगायला आल्या. म्हणाल्या, "औषध एक दिवस उशिरा सुरू केलं असतं तर मी आज तुमच्याशी वेगळं बोलत असते." थोरली रडली. जावयानं सगळ्यांना चहा पाजला, अगदी लिफ्टवाल्यालाही.

मी संधी साधून विचारलं, "हा आला कुठून, बाई?"

"अंगातच होता."

"अंगात कुठून?"

"काका, अर्ध्याहून जास्त जगाच्या अंगात असतो. बहुतेकांना लहानपणीच येतो. आई, आत्या, शेजारीण, कुणीतरी मुका घेतं. कुठून आला ते कुणालाही सांगता यायचं नाही, आणि त्यानं उपचार बदलत नाहीत."

चांगल्या बोलल्या. पण मीही लोकांना सांगायचो, गळती किरकोळ आहे, काळजी करू नका. आणि मग सगळा रस्ता खणायचो. नवऱ्याच्या तोंडावर त्या दुसरं काय सांगणार?

२० फेब्रुवारी, गुरुवार

शुद्धीवर आली आहे. मला बघून म्हणाली, "दाढी का केली नाही?"

मी म्हटलं, "तू पडल्या पडल्या खूप बोललीस."

"काय बोलले?"

"एक्स्चेंजचं."

हसली. ओठ सुकलेत, हसताना चिरले. मी त्या ओठांकडे बघत राहिलो आणि माझ्या मनात काय आलं ते मी इथंही लिहिणार नाही.

"कविता म्हणा एखादी," म्हणाली. नदीवरची घेतली, पहिलं कडवं म्हटलं, दुसरं आठवेना. माझं असं कधी होत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मेहुणीला फोन केला. ही कशी आहे ते सांगितलं, आकडे सांगितले, मग इकडचं तिकडचं करत विचारलं, एक्स्चेंजमधला तो हॅलो, तो तुमच्याकडे येत-जात असे का?

"कोण, हॅलोसाहेब? भाऊजी, त्यांची आज का आठवण?"

"सहज. तिच्या बडबडण्यात साहेब आला म्हणून."

ती अशी काही हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अहो भाऊजी, पुढचे चार दात नव्हते त्या माणसाला! पन्नाशी उलटलेली. आम्ही दोघी त्याची नक्कल करून हसून मरायचो. तुम्ही काय, या वयात…"

"मी काही म्हटलं नाही."

"म्हणून तर कळलं," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

ही बहीण तिची. बहिणीची बाजू घेणारच. आणि दात नसलेली माणसं काय आयुष्यभर दात नसलेलीच असतात?

२३ फेब्रुवारी, रविवार

गेलो नाही. खोकला आहे असं कळवलं. अतिदक्षता विभागातून आता साध्या खोलीत आणलंय, तिथं खोकला घेऊन जाणं बरं नाही. हे खरं आहे. खोकला तेवढा नाही.

घर फार मोठं झालंय. स्टूल अजून खिडकीखाली तसंच, एक पडदा काढलेला, एक टांगलेला. उरलेला काढून दोन्ही धुवायला टाकावेत म्हटलं. हात वर गेले नाहीत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

खोकला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

थोरलीचा फोन. "बाबा, आई रोज विचारते."

"खोकला आहे."

"फोनवर एकदाही खोकला नाहीत."

मी खोकलो. तिला ते आवडलं नाही.

"मावशीनं मला सगळं सांगितलंय. तुम्ही तिला काय विचारलंत ते." तिचा आवाज थंड. आईचा राग तापतो, हिचा गोठतो. "आई मरता मरता वाचली, बाबा. मी त्या काचेबाहेर उभी राहून काय काय कबूल केलं देवाजवळ, ते तुम्हाला माहीत नाही. आणि तुम्ही घरात बसून चौकशी चालवलीय."

मी म्हटलं, "नवऱ्याला विचारायचा हक्क नाही?"

"आहे ना. तिला विचारा. मावशीला काय विचारता?"

बरोबर होतं ते. खात्यात मी कधी शेजारच्या घरी जाऊन विचारलं नाही, नळाशीच कान लावला. पण नळ बोलत नाही, म्हणून भीती वाटत नाही. ही बोलेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

विचारायचं ठरवलं. कपडे केले, बूट घातले. वाक्य जुळवलं— "अगं, माझ्या आधी…" इथंच अडलं. माझ्या आधी काय? आणि ती हो म्हणाली तर? बावीस वर्षांच्या मुलीनं पन्नास वर्षांपूर्वी काही केलं असेल, तर तिचा मी कोण? तेव्हा तर मी कुणीच नव्हतो, झाडाआडचा एक सायकलवाला. आणि ती नाही म्हणाली, तर मी ते खरं मानीन? रक्ताची पिशवी, पाण्याची टाकी, फडकं, हॅलो— कुणाचं 'नाही' मी आजवर मानलंय?

बूट काढले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जावई येऊन गेला. सफरचंदं ठेवली, खाली बघत म्हणाला, "बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला मोबाइल द्यायलाच नको होता. तुम्ही वरचा अर्धाच भाग वाचलात. खाली दुसऱ्या जातीचं लिहिलं होतं. आईंना ती आहे, ओठांवरची. ती अशीच येते, जवळ राहून."

त्याचे कान लाल नव्हते.

म्हटलं, जवळ म्हणजे किती जवळ? तो उठलाच. "सोमवारी घरी सोडणार आहेत. उरलेलं औषध गोळ्यांचं. तुम्ही न्यायला याल ना?"

बघतो म्हटलं. माझ्या तोंडून हे आलं. पन्नास वर्षं मी जिची वाट बघत उभा राहिलो, तिला आणायला जायचं तर बघतो म्हणालो.

१ मार्च, शनिवार

दुपारी बेल वाजली. दूधवाला समजून तसाच बनियनवर गेलो.

दारात ही. सोमवारी येणार होती ती. वॉकरवर दोन्ही हात, कपाळावर घाम, अंगावरचे कपडे दोन मापं मोठे झालेले. मागे थोरली पिशव्या घेऊन लिफ्टजवळच थांबली, मुद्दाम.

"खोकला बरा झाला?" हिनं विचारलं.

मी बनियन खाली ओढला.

"नाव हवंय म्हणे तुम्हाला. विचारायला येईनासे झालात, म्हणून डॉक्टरांच्या मागे लागून मीच आले." श्वास घ्यायला थांबली. "लग्नानंतरची पहिली थंडी. त्याला ताप येऊन गेला होता, त्याच्या ओठभर फोड होते. मी म्हटलं होतं, बरे होईपर्यंत लांब राहा. ऐकायचं नाव नाही. नदीवरची ती कविता म्हणत म्हणत जवळ आला. सगळी कडवी म्हटली, वर शेवटचं दोनदा."

"कोण?" मी म्हटलं. खरंच म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सरका आता. पाय दुखतोय."

सरकलो.